दोन हजारांचा दंड आणि कॅनडाची फाइल

पिंपळे सौदागरमधलं हे जोडपं माझ्याकडे आलं तेव्हा कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचं, निमंत्रण त्यांच्या हातात होतं. निमंत्रण आल्यापासून साठ दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो आणि त्यातले बरेच दिवस उलटून गेले होते. मुख्य अर्जदार ती. ओंटारियो प्रांताचं नामांकन तिला तिच्या नोकरीच्या अनुभवावर मिळालेलं. नवरा आणि पाच वर्षांची मुलगी सोबतचे सदस्य. आयईएलटीएस, पदव्यांचं मूल्यांकन, बँकेतली शिल्लक, सगळं जागच्या जागी होतं. घोडं अडलं होतं एका प्रश्नापाशी, आणि तो प्रश्न तिच्याबद्दल नव्हताच.

मी पुण्यात फौजदारी वकिली करतो. मोटार कोर्टातली प्रकरणं त्यात ओघाने येतात. ओळख पटू नये म्हणून इथले वैयक्तिक तपशील बदलले आहेत, आणि सारख्याच दोन-तीन फायलींतल्या गोष्टी एकत्र करून हे एक प्रकरण उभं केलं आहे. कायद्याचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

घटना नवऱ्याची, आणि तशी साधी होती. 31 डिसेंबर 2018 ची रात्र, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने 1 जानेवारी 2019, कारण घड्याळात बारा वाजून गेले होते. बाणेरला मित्राकडे पार्टी, घरी परतताना नाकाबंदी. पोलिसांनी रांगेने गाड्या थांबवल्या होत्या आणि प्रत्येक चालकासमोर श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राची नळी धरत होते. ह्याच्या चिठ्ठीवर आकडा आला 58. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. परवाना जप्त झाला, सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. पुढे फेब्रुवारीत कोर्टाची तारीख लागली.

त्या दिवशी कोर्टात जे होतं ते शेकडो लोकांनी अनुभवलेलं आहे. एका खोलीत थर्टी फर्स्टची सगळी गर्दी. नाव पुकारतात, न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे?" माणूस मान डोलावतो, सही करतो, काउंटरवर पैसे भरतो, पावती खिशात घालतो आणि ऑफिसला जातो. तेव्हा पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड दोन हजार रुपये होता. सप्टेंबर 2019 पासून तो दहा हजार झाला. सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद तेव्हाही होती आणि आजही आहे, पण ह्याला दंडावरच सोडलं. परवाना तीन महिने निलंबित झाला. घरी आईला त्याने "चलान भरलं" एवढंच सांगितलं होतं, आणि त्याची स्वतःचीही समजूत तीच होती.

ती समजूत चुकीची होती आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं असे गुन्हे दंड भरून जागेवर मिटवता येतात. कायद्याच्या कलम 200 मध्ये त्यांची यादीच आहे. त्या यादीत 185 नाही. म्हणून दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण कोर्टातच जातं, आणि तिथे "कबूल" म्हटलं की माणूस फौजदारी न्यायालयात दोषी ठरतो. दंड दोन हजार असो की दोनशे, दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपीलही जवळपास उरत नाही. आपल्याकडे इतक्या वर्षांनी शिक्षा आपोआप पुसली जाईल असा प्रौढांसाठी सर्वसाधारण कायदा नाही. "सर, जुनी केस उघडून रद्द नाही का करता येणार?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. पाच वर्षांनी, स्वतः दिलेल्या कबुलीवर, कॅनडाला जायचंय हे कारण सांगून? मी सरळ नाही म्हणालो.

पीसीसी स्वच्छ आली, तिथेच घोळ झाला

पासपोर्ट सेवा केंद्रातून दोघांची पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रं, म्हणजे पीसीसी, आली होती आणि दोन्ही स्वच्छ. ह्यात फारसं नवल नाही. आपल्याकडची पीसीसी पोलीस ठाण्याच्या नोंदींवर बेतलेली असते. वाहतूक शाखेने थेट मोटार कोर्टात पाठवलेलं प्रकरण त्या नोंदींत बरेचदा नसतं. शिवाय प्रमाणपत्रावरचं वाक्य नीट वाचलं तर त्याचा रोख प्रवासाची सुविधा नाकारावी लागेल अशी प्रतिकूल माहिती नाही, एवढाच असतो. ह्या माणसाला कधीच शिक्षा झालेली नाही, असं ते म्हणत नाही.

त्यांची फाइल भरणाऱ्या एजंटने मात्र त्या कागदाचा अर्थ सोयीने लावला. "मॅडम, पीसीसी क्लीन आहे ना? मग कशाला विषय काढता? 'नो' टिक करा." असा सल्ला देणारे पुण्यात आणि मुंबईत पायलीला पन्नास भेटतील. कॅनडाच्या अर्जात फी घेऊन प्रतिनिधित्व करायचं तर तिथला वकील लागतो, क्युबेकचा नोटरी लागतो किंवा तिथल्या नियामक संस्थेचा परवाना असलेला सल्लागार. ह्या गृहस्थांकडे त्यातलं काहीच नव्हतं. अर्जावर त्यांचं नावसुद्धा येणार नव्हतं. खोटं उघडं पडलं असतं तर सही तिची.

आता अर्जातला प्रश्न. कॅनडाचा फॉर्म मुख्य अर्जदाराला विचारतो की तुम्हाला किंवा अर्जातल्या कुटुंबातल्या कोणालाही, कुठल्याही देशात, गुन्ह्यासाठी कधी दोषी ठरवलं गेलंय का, खटला चालू आहे का, कुठली फौजदारी कारवाई झाली आहे का. कैद झाली होती का, रक्कम किती होती, पीसीसीत नोंद आहे का, हे तो विचारत नाही. म्हणजे नवऱ्याच्या वतीने उत्तर बायकोला द्यायचं होतं.

तिने तो प्रश्न माझ्यासमोर मोठ्याने वाचला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अरे, हे तर माझ्या नावावर जाणार." तोपर्यंत तिला वाटत होतं की केस नवऱ्याची, फार तर त्याला थांबवतील, आपण आणि मुलगी पुढे जाऊ. सासऱ्यांचंही मत तेच पडलं. ते सोबत आले होते. "वकीलसाहेब, सूनबाईच्या नावावर फाइल आहे, तिचा काय दोष?" दोष नाहीच. पण कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 42 प्रमाणे पीआरच्या अर्जात जोडीदार प्रवेशाला अपात्र ठरला तर मुख्य अर्जदारही अपात्र ठरतो. नवऱ्याला 'सोबत येणार नाही' असं दाखवलं तरी जोडीदार म्हणून त्याची तपासणी होतेच. "बायकोच्या नावाने टाकू" ही युक्ती ह्या बाबतीत चालत नाही.

आणि लपवलं तर? कलम 40, चुकीची माहिती देणं. पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. पीआर मिळाल्यावर उघडकीला आलं तर पीआर जाऊ शकते, नागरिकत्व मिळाल्यानंतरही ते फसवणुकीवर उभं होतं म्हणून काढून घेता येतं. ह्याचं प्रकरण ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकून शोधता येत होतं. मी त्यांच्यासमोरच लॅपटॉपवर शोधून दाखवलं. त्यानंतर 'नो'चा विषय कोणी काढला नाही.

दोन आठवड्यांचा फरक

खरं सांगायचं म्हणजे 'येस' लिहिणं हा सोपा भाग होता. त्यापुढे काय, हे ठरवायला तिथला कायदा समजून घ्यावा लागतो, आणि तो समजून घेताना तारखा पाहून डोकं चक्रावतं.

2018 मध्ये कॅनडाने गांजा कायदेशीर केला. त्याच्या जोडीने नशेत गाडी चालवण्याचे कायदे कडक केले. त्याआधी ह्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पाच वर्षं कैद होती. 18 डिसेंबर 2018 पासून ती दहा वर्षं झाली. आकडा दहावर गेला आणि गुन्ह्याचा इमिग्रेशन कायद्यातला खानाच बदलला. परदेशात केलेल्या गुन्ह्याला कॅनडात कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद असेल तर तो 'गंभीर गुन्हेगारी'त बसतो. प्रत्यक्षात शिक्षा किती झाली ह्याला तिथे किंमत नाही. पुण्यातला दोन हजारांचा दंड तिथे दहा वर्षांच्या तराजूत तोलला जातो.

ह्याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. साध्या 'गुन्हेगारी'त मोडणारा एकच जुना गुन्हा असेल तर शिक्षा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी माणूस आपोआप सुधारलेला मानला जातो, वेगळा अर्ज लागत नाही. 'गंभीर'मध्ये ही सवलत नाही. तिथे कितीही वर्षं गेली तरी 'रिहॅबिलिटेशन'चा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. हा अर्ज शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी करता येतो, फी साध्या प्रकारापेक्षा सुमारे पाच पट, हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, आणि निकालाला वर्ष सहज लागतं.

2017 मध्ये त्रान ह्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कमाल शिक्षा गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे बघायची. म्हणजे हीच नाकाबंदी 15 डिसेंबरला झाली असती तर हा माणूस जुन्या, सौम्य खान्यात बसला असता. 1 जानेवारीला झाली म्हणून नव्या खान्यात. तारखेला दोन आठवडे इकडे की तिकडे, ह्यावर एका कुटुंबाचं भवितव्य ठरावं हे मला आजही विचित्र वाटतं. पण कायद्यात कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ह्याची रात्र रेघेच्या पलीकडे पडली होती.

58

तारखेने मारलं होतं, पण चिठ्ठीवरच्या आकड्याने दार किलकिलं ठेवलं होतं.

परदेशातल्या शिक्षेवरून कॅनडा कोणालाही थेट अपात्र ठरवत नाही. आधी हे कृत्य कॅनडात घडलं असतं तर तो तिथे गुन्हा ठरला असता का, ते पाहतात. ह्याला समकक्षता म्हणतात. 1987 च्या हिल प्रकरणात तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने त्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. दोन्ही कायद्यांचे शब्द आणि गुन्ह्याचे घटक ताडून पाहायचे. परदेशातल्या खटल्यातला पुरावा पाहायचा. किंवा दोन्ही मिळून. परदेशी कायदा जास्त रुंद असेल, म्हणजे तिकडे जे गुन्हा नाही तेही आपल्याकडे गुन्हा असेल, तर निव्वळ कलमाचा क्रमांक पाहून भागत नाही. प्रत्यक्षात काय घडलं ते पाहावं लागतं.

आता आपलं कलम 185 आणि त्यांच्या दंडसंहितेचं कलम 320.14 शेजारी ठेवा. आपली मर्यादा 30 मिलिग्रॅम. त्यांची 80, गाडी थांबवल्यापासून दोन तासांच्या आतली. 58 हा आकडा आपल्याकडे गुन्हा आहे, त्यांच्या आकड्याच्या कलमात बसत नाही. ओंटारियोत 50 ते 80 च्या मधल्या चालकाचा परवाना काही दिवस निलंबित होतो, दंड बसतो; ती प्रशासकीय कारवाई असते, फौजदारी नव्हे. ज्या प्रांतात ह्यांना जायचं होतं तिथेच ही रात्र घडली असती तर ह्याला कोर्टाची पायरीही चढावी लागली नसती.

मात्र तिकडच्या कलमाला दुसरंही तोंड आहे. रक्तातला आकडा काहीही असो, दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता कुठल्याही प्रमाणात कमी झाली असेल, तर तोही तेवढाच गुन्हा. आपल्या 185 मध्ये दारूच्या बाबतीत असा घटकच नाही. तिथे आकडा पुरेसा. म्हणजे कायद्याच्या मजकुरावरून आपण वाचतो, पण अधिकारी पुरावा बघणार. कागदांत कुठे "गाडी वेडीवाकडी चालवत होता", "झोकांड्या जात होत्या", "बोलणं अडखळत होतं" असं निघालं की 58 चा फायदा संपला. जुलै 2024 पर्यंत, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता लागू होती तोवर, थर्टी फर्स्टच्या केसेसमध्ये कधी कधी जोडीला तिचं 279, भरधाव आणि निष्काळजी चालवणं, लावलेलं असायचं. तसं असतं तर मी त्यांना हा मार्ग सुचवलाच नसता.

म्हणून मूळ कागद मिळवणं हाच ह्या प्रकरणाचा गाभा होता.

नवऱ्याकडे दंडाची पावती होती. बाकी काही नाही. संक्षिप्त फौजदारी खटल्याचा, म्हणजे एससीसी, नंबर ई-कोर्ट्सवरून मिळाला, त्यावरून नक्कल विभागात अर्ज टाकला. निकाली प्रकरण रेकॉर्ड रूममधून काढायला वेळ लागतो, आणि लहान प्रकरणांची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्टही केली जातात, त्यामुळे जिवात जीव नव्हता. शेवटी बस्ता सापडला. त्यात कोर्टाचा निकाल म्हणजे छापील नमुन्यातलं एक पान. गुन्ह्याची तारीख, आरोपीचं नाव, कलम, "आरोपीस गुन्हा कबूल", दंड रुपये 2000, न भरल्यास साधी कैद. संक्षिप्त खटल्यात एवढंच लिहिलेलं असतं. 279 नव्हतं.

त्यामागे टाचणीने लावलेली ब्रेथ अॅनलायझरची चिठ्ठी. थर्मल कागद, पाच वर्षांत इतका उडालेला की तारीख दिसत होती, नाव अर्धं, आणि आकड्याच्या जागी राखाडी डाग. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण पोलिसांनी कोर्टात दाखल केलेल्या अहवालात तोच आकडा निळ्या शाईने, अक्षरी आणि अंकी लिहिलेला होता, वेळेसह. आणि त्याखाली सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं. असल्या प्रमाणपत्राकडे कोर्टात कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास: दारूचा येतो. बाहुल्या: सामान्य. बोलणं: सुसंबद्ध. चाल: सरळ. अभिप्राय: दारू प्राशन केली आहे, परंतु अमलाखाली नाही.

रात्री दीडला, गर्दीत, कंटाळलेल्या एखाद्या शिकाऊ डॉक्टराने भरलेल्या त्या चार रकान्यांनी ह्या कुटुंबासाठी जे केलं ते माझ्यासारख्या वकिलाला युक्तिवादाने करता आलं नसतं.

माफीचं पत्र

अर्जासोबत नवऱ्याचं निवेदन जोडायचं होतं. त्याने पहिला मसुदा स्वतःच लिहून आणला. आपल्या लोकांना अधिकाऱ्यापुढे लीन झालं की काम होतं असं वाटतं, आणि त्या सवयीने तो मसुदा ओतप्रोत भरला होता. "त्या रात्री मी दारूच्या पूर्ण नशेत होतो, मला कशाचंही भान नव्हतं, मी अनेकांचे प्राण धोक्यात घातले..."

मी विचारलं, "हे खरं आहे का?"

"नाही सर. चार तासांत तीन पेग घेतले होते, जेवलो होतो. गाडी नीटच चालवत होतो. पण पश्चात्ताप दिसायला पाहिजे ना?"

पश्चात्ताप दिसावा, पण खोटा कबुलीजबाब देऊन नव्हे. ते वाक्य तसंच गेलं असतं तर क्षमता कमी झाल्याचा पुरावा अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिला असता, आणि डॉक्टरांचं "चाल: सरळ" मातीमोल झालं असतं. ह्याच्या उलट टोकाचीही पत्रं मी पाहिली आहेत: "पोलिसांनी उगाच अडकवलं, मशीन खराब होतं." ज्याने कोर्टात गुन्हा कबूल केलाय त्याने हे लिहिलं की एकतर तेव्हा खोटं बोलला किंवा आता बोलतोय.

नवीन पत्र एका पानाचं झालं. किती वाजता पार्टीला गेला, काय घेतलं, कुठे थांबवलं, आकडा किती, कोर्टात काय झालं, दंड कधी भरला, परवाना कधी परत मिळाला. त्यानंतर एकही गुन्हा नाही. गाडी चालवायची असेल त्या दिवशी आता पीत नाही, ह्याबद्दल दोन ओळी. विशेषणं जवळजवळ काढूनच टाकली. "प्यायला परमिट होतं का?" हा प्रश्न कॅनडाने विचारला नाही हे बरं, महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे ते लागतं आणि त्या पार्टीतल्या कोणाकडेही ते असण्याची शक्यता शून्य.

समकक्षतेवरचं कायदेशीर मत मी लिहिलं नाही. तो माझा प्रांत नाही. टोरोंटोतल्या एका इमिग्रेशन वकिलांना गाठलं, त्यांना निकालाची नक्कल, पोलीस अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, कलम 185 चा गुन्ह्याच्या वेळचा मजकूर आणि माझं प्रतिज्ञापत्र पाठवलं. 185 मध्ये दोष सिद्ध व्हायला काय लागतं आणि काय लागत नाही, एवढंच त्या प्रतिज्ञापत्रात होतं. मजकूर त्या वेळचा हवा, हे महत्त्वाचं. ह्या कलमात 2019 च्या दुरुस्तीने बदल झाले आहेत.

त्यांनी दुहेरी बांधणी केली. मुख्य म्हणणं: हा गुन्हा कॅनडातल्या कुठल्याही फौजदारी गुन्ह्याशी समकक्ष नाही, म्हणून नवरा अपात्र नाही. पर्यायी म्हणणं: अधिकाऱ्याला तसं वाटलं नाही तर हा रिहॅबिलिटेशनचा अर्ज, सोबतच. पाच वर्षं मोजताना दंड भरल्याच्या तारखेवर न थांबता परवान्याचं निलंबन संपल्याच्या तारखेपासून मोजली, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. तो हिशेब 2024 च्या मध्यात पूर्ण होत होता, आणि निमंत्रण त्यानंतर आलेलं. इथे नशीब सोबत होतं. वर्षभर आधी आलं असतं तर दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता आणि सगळी भिस्त 58 वर ठेवावी लागली असती.

तात्पुरत्या परवान्याचा, म्हणजे टीआरपीचा, पर्यायही निघाला होता. अपात्र माणसाला ठोस कारण असेल तर ठरावीक मुदतीसाठी आत घेतात. कंपनीने तातडीने पाठवलंय, कोणी अत्यवस्थ आहे, अशा वेळी ठीक. कायम राहायला जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग नव्हता.

अर्ज मुदतीत गेला. काही महिन्यांनी अपेक्षित होतं ते पत्र आलं. पीएफएल, म्हणजे निर्णयाआधी बाजू मांडायची संधी देणारं पत्र: तुमचा जोडीदार कलम 36 खाली, म्हणजे गुन्हेगारीच्या कारणावरून, अपात्र असू शकतो अशी आम्हाला शंका आहे, उत्तर द्या. व्हॉट्सॲपवर तिचा मेसेज आला तेव्हा त्यात नुसती रडण्याची चिन्हं होती. मला उलट ते पत्र वाचून बरं वाटलं. त्यात अधिकाऱ्याने 320.14 चा उल्लेख केला होता आणि मुद्दा क्षमता कमी झाल्याचा काढला होता; 80 च्या मर्यादेबद्दल काहीच नव्हतं. म्हणजे आकड्याचा युक्तिवाद त्याने मनोमन मान्य केला होता. उत्तरात टोरोंटोच्या वकिलांनी नवं फारसं काही जोडलं नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राकडे लक्ष वेधलं. नाकाबंदीत सरसकट सगळ्यांना थांबवलं होतं, ह्याच्या चालवण्यावरून नव्हे, हे पोलीस अहवालातल्या वाक्यासह दाखवलं. आणि 279 लावलेलं नाही, म्हणजे त्या रात्री प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या पोलिसालाही चालवणं निष्काळजी वाटलं नव्हतं, हे नोंदवलं.

पुढच्या टप्प्यावर पासपोर्टची मागणी आली. नवरा अपात्र नाही असं ठरलं, रिहॅबिलिटेशनपर्यंत जायची वेळ आली नाही.

हे उत्तर कॅनडापुरतंच आहे, हे मी त्यांना निघण्यापूर्वी बजावलं, कारण बहीण न्यू जर्सीत आहे आणि नायगारा दोन्ही बाजूंनी बघायचा बेत आत्तापासून शिजतोय. अमेरिकेचं गणित निराळं आहे. त्यांच्या डीएस-160 ह्या व्हिसाच्या अर्जात नुसती अटक झाली असली तरी सांगावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या एकट्या साध्या गुन्ह्याला ते सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानत नाहीत. त्यांची काळजी वैद्यकीय असते: माणूस व्यसनी आहे का. गेल्या पाच वर्षांत अशी एक घटना किंवा दहा वर्षांत दोन असतील तर पॅनेलवरच्या डॉक्टरकडे पाठवतात. ह्याची पाच वर्षं उलटली आहेत, पण प्रश्नाचं उत्तर 'येस'च राहणार. ऑस्ट्रेलियाचा चारित्र्याचा निकष बारा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षेपासून खऱ्या अर्थाने चावायला लागतो. दंडावर सुटलेल्याला तिथे सहसा अडत नाही, जाहीर करणं मात्र तिथेही आहेच.

त्यांच्याच ओळखीने मग नवऱ्याचा मावसभाऊ आला. वय पंचवीस, कॅनडात शिकायला जायचंय. त्याची केस 2022 ची, दंड दहा हजार, चिठ्ठीवर 146. "दादाचं झालं ना, माझंही तसंच करा." त्याच्या बाबतीत समकक्षतेला जागाच नाही, 146 पुण्यातही गुन्हा आहे आणि टोरोंटोतही. दंड मार्च 2023 मध्ये भरलेला, परवाना जूनपर्यंत निलंबित. रिहॅबिलिटेशनचा अर्ज जून 2028 नंतर. त्याला मी नक्कल आत्ताच काढून ठेवायला सांगितलं आणि चिठ्ठीची चांगली झेरॉक्स घ्यायला, कागद उडण्याआधी. एजंटकडे त्याने आधीच पैसे भरलेत. ते परत मागायचे की नाही, ह्यावर तो विचार करून सांगतो म्हणाला.